वाचलेल्या तासांचा हिशेब

26 सप्टेंबर 2025 च्या रात्री दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारच्या माहिती केंद्राला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू होतं, तिथून ती भडकली. शेकडो सरकारी सेवा एका फटक्यात बंद पडल्या. पुढच्या आठवड्यांत एकेक सेवा सावरत गेली, पण सरकारी कर्मचारी आपली रोजच्या कामाची कागदपत्रं जिथे ठेवत ती जी-ड्राइव्ह भस्मसात झाली. सुमारे 858 टेराबाइट माहिती, आणि केंद्राबाहेर तिची एकही प्रत नव्हती. कारण देण्यात आलं ते असं, की एवढ्या प्रचंड आकाराच्या साठ्याचा बाहेर बॅकअप घेणं त्या रचनेत शक्य नव्हतं.

हे कारण मला फार अस्वस्थ करतं, कारण ते ऐकायला खरं वाटतं. 858 टेराबाइट ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. पण हे 858 टेराबाइट रोज नव्याने थोडेच लिहिले जात होते? कुठल्याही कचेरीत काल लिहिलेल्या फायलींपैकी बहुतेक आज जशाच्या तशा असतात. चार नव्या तयार होतात, दहा उघडून दुरुस्त होतात, दोन पुसल्या जातात. त्या चौदांचीच प्रत घ्यायची, पुसलेल्या दोनांची नोंद करायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही युक्ती संगणकाच्या जगात कित्येक दशकं वापरात आहे. तिला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात. आपल्याकडे ऑफिसात ‘नुसता बदल तेवढा घेतो’ असं सांगतात ते हेच.

या युक्तीने बॅकअप स्वस्त केला, आणि ते तिचं मोठंच काम आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. या स्वस्ताईतून वाचलेले तास आणि वाचलेली जागा ही धंद्याची कमाई नव्हे. ती बॅकअपचीच आहेत आणि बॅकअपवरच खर्च व्हायला हवीत: आणखी मागच्या तारखा जपण्यावर, प्रत दुसऱ्या गावी ठेवण्यावर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माहिती परत आणून पाहण्यावर. जो व्यवसाय ही बचत खिशात घालतो, त्याच्याकडे बॅकअप आहे असं मी मानत नाही.

आधी बचत किती, ते पाहू. एक टेराबाइट माहिती 100 एमबीपीएसच्या जोडणीवरून बाहेर पाठवायची तर जोडणी पूर्ण वेगाने, एक क्षणही न थांबता चालली तरी बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे रोज सगळ्या माहितीची प्रत घेणारा फुल बॅकअप जवळजवळ अख्खा दिवस खातो. एक उरकेपर्यंत दुसऱ्याची वेळ होते. त्या एका टेराबाइटमधली दोन टक्के माहिती दिवसभरात बदलली असेल, तर पाठवायचे फक्त वीस गीगाबाइट. त्याला सत्तावीस मिनिटं पुरतात. रात्री नऊला शटर ओढलं की साडेनऊला बॅकअप पूर्ण. मोठ्या रुग्णालयाचे सीटी स्कॅन, वास्तुरचनाकारांची रेखाटनं, चित्रपटाचं संकलन करणाऱ्या स्टुडिओचं चित्रीकरण, कारखान्याचा बारा वर्षांचा डेटाबेस, हे सगळं या युक्तीशिवाय सांभाळताच येणार नाही.

ही युक्ती समजून घ्यायला आपल्या माणसाला संगणकाची गरज नाही. जुन्या दुकानातली रोजकीर्द डोळ्यांसमोर आणली की पुरे. पानाच्या माथ्यावर आरंभीची शिल्लक, खाली दिवसभराचा जमाखर्च, तळाला अखेरची शिल्लक. तीच दुसऱ्या दिवशीच्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’. दुकानात आज किती रोकड असायला हवी हे सांगायला रोज गल्ला उलटा करून सुरुवातीपासून मोजावा लागत नाही. एकदा नीट मोजलेली शिल्लक आणि त्यानंतरच्या नोंदी हातात असल्या की आजचा आकडा निघतो. फुल बॅकअप म्हणजे ती मोजलेली शिल्लक, आणि रोजचा इन्क्रिमेंट म्हणजे त्या दिवसाचं पान. रविवारी फुल घेतला, सोमवार ते शुक्रवार रोज रात्री फक्त बदल घेतला आणि शनिवारी सकाळी डिस्क बसली, तर रविवारची शिल्लक मांडायची आणि पाच पानं एकामागून एक, त्याच क्रमाने, तिच्यावर चढवायची. शुक्रवार रात्रीचं चित्र उभं राहतं.

आता बुधवारचं पान फाटलंय असं समजा. सोमवार, मंगळवार ठीक. गुरुवारचं आणि शुक्रवारचं पान हातात आहे, अक्षर स्वच्छ आहे, तरी उपयोग नाही. कारण ती दोन्ही पानं बुधवारवर उभी आहेत. फुल बॅकअप रोज घेणाऱ्याची एक प्रत खराब झाली तर एक दिवस जातो. इन्क्रिमेंटलवाल्याचा एक तुकडा खराब झाला तर त्यापुढचे सगळे दिवस जातात, पुढचा फुल येईपर्यंत. यावर तोडगा म्हणून डिफरन्शियल ही मधली वाट आहे: रोज कालपासूनचा नव्हे, तर रविवारपासूनचा सगळा बदल घ्यायचा. तुकडे मोठे होत जातात, पण परत आणताना रविवारचा फुल आणि शेवटचा एक तुकडा एवढंच लागतं. मध्यम आकाराच्या ऑफिसला ही वाट पुष्कळदा जास्त शहाणपणाची असते. विक्रेते तिच्याविषयी फारसं बोलत नाहीत.

हल्ली बरीच सॉफ्टवेअर मूळ सर्व्हरला त्रास न देता बॅकअपच्या यंत्रावरच जुना फुल आणि पुढचे तुकडे एकत्र करून नवा फुल तयार करतात. त्याला सिंथेटिक फुल म्हणतात. सोय चांगली आहे. मात्र हा फुल मोजून आलेला नाही, जोडून आलेला आहे. गल्ला उघडून रोकड मोजली नाही, नुसती बेरीज करून शिल्लक पुढे ओढली, असा प्रकार. मधल्या एखाद्या पानावर चूक असेल तर ती नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून बसते आणि तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही.

आणि चूक पान फाटण्याचीच असते असंही नाही. इन्क्रिमेंटलचा सगळा डोलारा एका विश्वासावर उभा आहे: काय बदललं हे यंत्राला अचूक कळतं. हे कळण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. डॉसच्या काळात फायलीवर एक खूण असे. फाइल लिहिली की खूण उठे आणि बॅकअप झाला की पुसली जाई. पुढे फायलीची तारीख-वेळ पाहू लागले. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक आणलं. त्यात फायलीच्या तुकड्यांचे ठसे ताडून पाहतात आणि बदललेला भागच पाठवतात. आभासी सर्व्हर आले तेव्हा फाइलसुद्धा मागे पडली. डिस्कवरचा कुठला कप्पा लिहिला गेला याची यादी खालची यंत्रणाच ठेवू लागली. बॅकअपवाल्याने फक्त विचारायचं, ‘कालपासून कुठले कप्पे बदलले?’ यादी मिळते, तेवढे उचलायचे.

2014 च्या अखेरीस, आभासी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या याच यादीत दोष असल्याचं उघड झालं. आभासी डिस्क वाढवत नेताना 128 गीगाबाइटची हद्द ओलांडली, की बदललेल्या कप्प्यांची यादी चुकीची येऊ शकत होती. ‘बॅकअप यशस्वी’ असा हिरवा शेरा रोज उमटत होता. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं; जे मागितलं ते उचललं होतं. मागायचं काय, तेच चुकलं होतं. आणि दोष ताजा नव्हता, आधीच्या कित्येक आवृत्त्यांमध्ये तो होता. डिस्क वाढवणं हे कुठल्याही वाढत्या धंद्यात सहज घडणारं काम. कंपनीचा पसारा वाढला म्हणून जागा वाढवली आणि त्या दिवसापासून बॅकअप आतून पोखरला गेला. हा दोष नोंदी वाचून सापडला नसता. तो सापडायचा एकच रस्ता होता: प्रत परत उभी करायची आणि मूळ माहितीशी ताडून पाहायची.

म्हणून मी इन्क्रिमेंटलच्या विरोधात आहे असा अर्थ कुणी काढू नये. उलट या पद्धतीचा जो खरा गुण आहे तो तिच्या जाहिरातीत दिसत नाही, याची मला हळहळ वाटते. जाहिरात होते ती जागा वाचण्याची. खरा गुण आहे मागे जाता येण्याचा.

जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे 77 टेराबाइट संशोधन पुसलं गेलं, म्हणजे साधारण 3 कोटी 40 लाख फायली. चौदा संशोधनगटांना फटका बसला. त्यातल्या काहींचं काम कायमचं गेलं. पुसलं कुणी? बॅकअपच्याच प्रोग्रामने. जुन्या नोंदी साफ करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुरवठादार कंपनीने सुधारणा केली, पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी आज्ञा तयार झाली आणि नोंदींऐवजी मूळ फायली पुसल्या जाऊ लागल्या. तिथे बॅकअप होता, पण तो आरशासारखा होता: मूळ साठ्यात जे आज आहे तेच प्रतीत. मुळात नाही, तर प्रतीतही नाही. घटनेनंतर विद्यापीठाने जे उपाय जाहीर केले त्यात आरशाबरोबर इन्क्रिमेंटल बॅकअप काही काळ जपून ठेवण्याचाही समावेश होता. म्हणजे त्यांना जागा वाचवायची नव्हती. त्यांना ‘परवा’ हवा होता.

धंद्यात नुकसान झाल्याचं बहुतेक वेळा त्याच दिवशी कळत नाही. डिस्क जळाली तर कळतं. पण सप्टेंबरमध्ये एखाद्याने चुकून पुसलेलं खातं मार्चएंडच्या गडबडीत कळतं. गोदामाच्या यादीत चुकीचा भाव एकदम सगळ्या मालाला लागलेला असतो, तो ग्राहकाने तक्रार केल्यावर कळतो. एखादा नोकर महिनोन्महिने थोड्या थोड्या नोंदी फिरवत असतो. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर तर मुद्दाम दबा धरून बसतं. आत शिरल्यावर आधी बॅकअप कुठे आहे ते शोधतं आणि मग कुलूप लावतं. अशा वेळी ‘कालचा बॅकअप आहे’ या वाक्याला किंमत नसते, कारण कालही माहिती बिघडलेलीच होती. जी बिघडायच्या आधीची तारीख, ती हातात असायला हवी. रोजचा फुल घेणाऱ्याला जागेअभावी आठवड्यापलीकडे जाता येत नाही. इन्क्रिमेंटलवाल्याला त्याच जागेत कित्येक महिने ठेवता येतात. तरीही मी पाहतो ते बहुतेकदा असं, की इन्क्रिमेंटल चालू केल्यावर डिस्क लहान घेतली जाते आणि ठेवायचे दिवस तेवढेच, चौदा किंवा तीस, राहतात. वाचलेली जागा खरेदीच्या बिलात कमी झालेली दिसते. बिघाड पंचेचाळिसाव्या दिवशी कळला तर काय, हे बिलात दिसत नाही.

या पद्धतीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो जवळपास फुकट आहे. रोजच्या तुकड्याचा आकार. ज्या ऑफिसात रोज रात्री दीड-दोन गीगाबाइट बदल येतो तिथे एका रात्री दोनशे गीगाबाइट आले, तर कुणीतरी फायलींना कुलूप लावत सुटलंय अशी शंका घ्यायलाच हवी. कारण कुलूपबंद झालेली प्रत्येक फाइल यंत्राच्या दृष्टीने ‘बदललेली’ असते. आणि एका रात्री शून्य आलं, तर बॅकअप भलत्याच फोल्डरचा होतोय का, ते तपासायला हवं. हा एक आकडा रोज सकाळी कुणीतरी वहीत लिहिला तरी पुष्कळ काम होईल. चहा यायच्या आधी होणारं काम आहे हे.

आता परत आणण्याविषयी. इथे गिटलॅबची हकीकत सविस्तर सांगायला हवी, कारण या कंपनीने आपली नामुष्की लपवली नाही; दुरुस्तीचं काम यूट्यूबवर जगासमोर चालू ठेवलं आणि नंतर सगळा घटनाक्रम लिहून काढला. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथे ठेवतात. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथला एक अभियंता बराच वेळ एका अडचणीशी झगडत होता. मुख्य डेटाबेसची जुळी प्रत मागे पडली होती. ती नव्याने भरण्यासाठी जुळ्या सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. त्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे 300 गीगाबाइटमधले साडेचार गीगाबाइट उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. डेटाबेसची रोजची प्रत ॲमेझॉनच्या साठ्यात जायची. तिथे जाऊन पाहिलं तर साठा रिकामा. प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या 9.2 आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस होता 9.6 चा, त्यामुळे तो रोज चूक देऊन थांबत होता. चूक झाली की ईमेल येईल अशी व्यवस्था होती. ती पत्रं ज्या पद्धतीने पाठवली जात होती ती ईमेलच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हती, म्हणून परत फिरवली जात होती. डिस्कची छायाचित्रं, म्हणजे स्नॅपशॉट, घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. अशा पाच वेगवेगळ्या तऱ्हा, आणि एकही भरवशाची नाही. सापडला तो एक स्नॅपशॉट, सहा तासांपूर्वीचा. दुसऱ्याच एका चाचणीसाठी त्याच अभियंत्याने तो हाताने घेतला होता. तो परत आणायला रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग गेला, कारण चाचणीच्या सर्व्हरची डिस्क संथ होती. सुमारे 5000 प्रकल्पांच्या नोंदी, जवळपास तेवढीच टिपणं आणि 700 नवी खाती गेली ती गेलीच.

या हकीकतीत तांत्रिक निष्काळजीपणा शोधणं सोपं आहे. मला तिच्यात वेगळं दिसतं. पाचही तऱ्हा कुणीतरी विचारपूर्वक बसवल्या होत्या. बसवल्याच्या दिवशी त्या चालत होत्या असंही समजू. नंतर डेटाबेसची आवृत्ती बदलली, ईमेलचे नियम बदलले, सर्व्हर बदलले. बॅकअप हा एकदा बसवून विसरायचा प्रकार नाही, कारण तो ज्याच्याभोवती बसवलाय ते रोज हलत असतं. आणि बॅकअप बंद पडल्याने कुणाचंच काम अडत नाही. छपाईयंत्र बंद पडलं तर दहा मिनिटांत आरडाओरड होते. बॅकअप बंद पडला तर सगळं पूर्वीपेक्षा किंचित वेगाने चालतं. अशा गोष्टीवर माणसाने मुद्दाम, ठरवून, पाळीपाळीने नजर ठेवावी लागते. ती नजर म्हणजे रिस्टोअर, माहिती परत आणून पाहणं. दुसरी कुठली नजर नाही.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर 23 नोव्हेंबर 2022 ला सायबरहल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सरकारने संसदेत सांगितलं, की ई-हॉस्पिटल या तिथल्या संगणकप्रणालीची सगळी माहिती न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून मिळाली. ही समाधानाची गोष्ट आहे आणि ज्यांनी तो सर्व्हर वेगळा ठेवला त्यांचे आभार मानायला हवेत. तरी नोंदणी, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, हे सगळं साधारण दोन आठवडे हाताने चाललं. एक टेराबाइटच्या आसपासची माहिती, आणि दोन आठवडे. माहिती मिळणं वेगळं आणि रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचा कागद खिडकीवर निघणं वेगळं. सर्व्हर साफ करायचे, नवे उभे करायचे, माहिती चढवायची, पुन्हा संसर्ग नाही ना ते पाहायचं. व्यवसायाने बॅकअपवाल्याला पहिला प्रश्न ‘रोज किती वेळ लागतो’ असा विचारू नये. ‘सगळं गेलं, तर पहिलं बिल कधी निघेल’ असा विचारावा.

प्रत कुठे आहे, हेही याच हिशेबातलं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या सायबरहल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प झाली. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाचं जे टर्मिनल आहे तिथलं कामही कोलमडलं, कंटेनर खोळंबले. कंपनीत कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, सगळे एकमेकांशी जुळवलेले. एक गेला तर दुसऱ्यावरून भरून घ्यायचा. सगळे एकाच वेळी जातील हे गृहीत धरलंच नव्हतं. ते गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तो माहितीचा साठा जोडणीवरून पाठवायला इतका वेळ लागला असता, की शेवटी माणसाच्या हाती डिस्क देऊन तो इंग्लंडला पोचवला गेला. एकमेकांच्या क्षणोक्षणी होणाऱ्या प्रती, मग त्या दीडशे सर्व्हरच्या असोत किंवा ऑफिसातल्या ड्राइव्हच्या सिंकच्या, या बॅकअप नव्हेत. त्या नुकसानही तितक्याच तत्परतेने पोचवतात. आणि क्लाउडवर ठेवलं म्हणजे हा प्रश्न सुटला असंही नाही. 2014 मध्ये कोड स्पेसेस ही कंपनी काही तासांत संपली, कारण क्लाउडच्या ज्या खात्यात माहिती होती त्याच खात्यात बॅकअप होता आणि हल्लेखोराकडे त्या खात्याची किल्ली होती.

हे सगळं मोठ्यांचं झालं. आपल्याकडचा बहुसंख्य व्यवसाय म्हणजे पाच-दहा माणसांचं ऑफिस, कापडाची पेढी, औषधाचं दुकान, छापखाना, पतसंस्थेची शाखा. त्यांच्याविषयी माझं मत थोडं कडवट वाटेल. यातल्या पुष्कळांना इन्क्रिमेंटलची गरजच नाही. ज्यांचा टॅलीचा सगळा डेटा एक-दोन गीगाबाइटमध्ये मावतो त्यांनी रोज फुल घ्यावा, तारखेच्या नावाने वेगळा ठेवावा, आणि तुकड्यांच्या साखळीच्या भानगडीत पडू नये. साखळी कशी जोडायची हे ज्याला माहीत तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला की मालकाच्या हातात शंभर तुकडे उरतात. साधी, मोठी, एकटी उघडणारी प्रत लहान धंद्याला जास्त मानवते. उलट जे चुकतं ते वेगळंच असतं: एकच पेनड्राइव्ह, एकाच नावाची फाइल, आणि कालच्या प्रतीवर आजची लिहिलेली. बिघाड आज झाला असेल तर चांगली प्रत आपल्याच हाताने पुसली. शिवाय तो पेनड्राइव्ह बहुतेक वेळा संगणकातच खोचलेला असतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत काय काय गेलं हे कोकणाने पाहिलंय. संगणक आणि त्याचा बॅकअप एका टेबलावर असेल, तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. मुंबईत बहीण राहते, तिच्या कपाटात महिन्याला एक डिस्क जाऊ द्या. तीसुद्धा दुसऱ्या गावची प्रत झाली.

कायद्यानेही या बाबतीत अर्धाच रस्ता काढलाय. कंपन्यांच्या हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवायला हवा, हे नियमात होतंच. पूर्वी तो ‘ठरावीक काळाने’ ठेवायचा होता. ऑगस्ट 2022 मध्ये नियम बदलून तो ‘रोज’ ठेवायचा झाला. हा बदल चांगला होता. अनेक लेखापरीक्षक आता अहवालात रोजचा बॅकअप आहे की नाही यावर शेरा मारतात, आणि त्या धास्तीने का होईना, कंपन्यांनी इन्क्रिमेंटलची व्यवस्था केली. पण नियम विचारतो ते ठेवला का, एवढंच. तो उघडून पाहिला का, हे विचारत नाही. गिटलॅबच्या त्या रिकाम्या साठ्यावरही, त्या रात्रीपर्यंत, ‘रोजचा बॅकअप आहे’ असा शेरा कुणीही प्रामाणिकपणे मारला असता.

उघडून पाहणं फार मोठं काम नाही, हे मला आवर्जून सांगायचंय, कारण ‘आमच्याकडे एवढी माणसं कुठे’ हा आक्षेप लगेच येतो. एखाद्या सनदी लेखापालाच्या ऑफिसात हे कसं होईल पाहा. तिमाहीतून एकदा, रिटर्नची घाई नसलेल्या शनिवारी दुपारी, नेटवर्कपासून तोडलेला एक रिकामा संगणक घ्यायचा. चिठ्ठ्या टाकून एक तारीख काढायची, कालची नव्हे. तीन महिन्यांपूर्वीची आली तर उत्तम. त्या तारखेची माहिती फक्त बॅकअपवरून उभी करायची, मूळ सर्व्हरला हात न लावता. ज्याने बॅकअप बसवला त्याने बाजूला बसायचं आणि दुसऱ्याने नुसत्या लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून काम करायचं. पासवर्ड कुणाला आठवत नाही, हे इथेच कळतं. मग त्या तारखेचं छापून ठेवलेलं तेरीजपत्रक काढायचं आणि बेरीज जुळते का पाहायची. त्या दिवसाचं शेवटचं व्हाउचर उघडायचं. त्याला जोडलेलं स्कॅन केलेलं बिल उघडतं का, तेही बघायचं, कारण हिशेब परत येतो आणि जोडलेली बिलं येत नाहीत असं होऊ शकतं. किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता बेरीज जुळली, ते तारखेसह लिहून मालकाची सही घ्यायची. सही मालकाची, संगणकवाल्याची नाही. कारण सगळं गेलं तर दार मालकाचं बंद होणार आहे.

एक टेराबाइटच्या त्या उदाहरणात रोज वाचणाऱ्या सुमारे पावणेबावीस तासांतून तिमाहीला एक दुपार. मोठ्या कारखान्याला दोन दिवस लागतील, रुग्णालयाला कदाचित आठवडा. तरी हिशेब इन्क्रिमेंटलच्याच बाजूने राहतो.

माझी मागणी अशी आहे, की 2022 च्या बदलाला एक वाक्य जोडलं जावं: आर्थिक वर्षात किमान एकदा कंपनीने बॅकअपवरून हिशेबाच्या वह्या उभ्या केल्या, त्या कुठल्या तारखेच्या होत्या आणि त्याला किती वेळ लागला, याची नोंद संचालकांनी करावी आणि लेखापरीक्षकाने पाहावी. कंपनी कायद्याने आठ वर्षांच्या वह्या जपायला सांगितल्या आहेत आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने. टॅलीच्या जुन्या आवृत्तीतला डेटा नव्या आवृत्तीत उघडायचा तर पुष्कळदा आधी त्याचं रूपांतर करावं लागतं. मधल्या आठ वर्षांत सॉफ्टवेअरही बदललेलं असतं, डिस्कही आणि माणसंही. म्हणून त्या वर्षातल्या एका उभारणीसाठी निवडायची तारीख सगळ्यात जुन्या वर्षातली असावी, अशी अटही त्याच वाक्यात घालावी.